माझा फॉर्म दुसऱ्यानेच भरला

कॉलेजच्या तयारीत माझ्या वाट्याला फक्त अभ्यास आला. अकरावीचं कॉलेज क्लासवाल्यांनी ठरवलं, कागदपत्रं बाबांनी गोळा केली, प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन सेंटरवाल्याने भरला आणि ब्रांच शेजारच्या काकांनी सुचवली. घरात एकच वाक्य घुमत होतं, ‘तू अभ्यास कर, बाकीचं आम्ही पाहतो.’ मलाही ते सोयीचंच होतं. पुढे जे काही बिघडलं, ते या ‘बाकीच्या’त बिघडलं. आता अकरावी-बारावीत असलेली वाडीतली पोरं भेटली की मी त्यांना अभ्यास कसा करायचा हे सांगत नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी बाकीचं सांगतो.

आमची वाडी नागपूरच्या अमरावती रोडवर. एका बाजूला आयुध निर्माणी, जिला इथे सगळे ‘डिफेन्स’ म्हणतात, आणि रस्त्यालगत ट्रान्सपोर्टची गोदामं. डिफेन्समध्ये नोकरी असलेल्यांची पोरं आणि ट्रान्सपोर्टमध्ये असलेल्यांची पोरं एकाच शाळेत शिकली, पण दहावीनंतर त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डिफेन्सवाल्यांच्या घरात कोणीतरी आधी शिकलेलं असायचं. कुठला फॉर्म कधी निघतो, आयटीआय केल्यावर अप्रेंटिसशिप कशी मिळते, हे त्या घरांत जेवताना बोललं जायचं. माझे बाबा एका ट्रान्सपोर्टमध्ये बुकिंग क्लर्क. आमच्याकडे जेवताना ट्रक कुठे अडला याची चर्चा. बारावीच्या पुढे गेलेला घरातला पहिला मीच होतो, त्यामुळे माहिती बाहेरूनच आणावी लागणार होती. मी ती आणायला कधी गेलोच नाही.

पहिली चूक अकरावीतली. दहावीला बऱ्यापैकी गुण मिळाले तसा शहरातल्या एका क्लासमध्ये माझा नंबर लागला. क्लासवाल्यांनी सांगितलं, कॉलेजची चिंता करू नका, आमचं टायअप आहे. म्हणजे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर, आणि पोरगा सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये. नागपुरात हा प्रकार कोणाला नवा नाही. 2018 मध्ये शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच टायअपला आळा घालायला. आमच्याकडे त्याचा परिणाम एवढाच झाला की अधूनमधून जाऊन अंगठा टेकवावा लागला. मला यात काही गैर वाटलं नाही. उलट कॉलेजचे तास वाचले म्हणून मी खूश होतो.

बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची लेखी परीक्षा प्रत्येकी 70 गुणांची आणि प्रात्यक्षिक 30 गुणांचं. ते 30 गुण आम्हाला जवळजवळ काही न करता मिळाले. प्रयोगवही मी एका मित्राची पाहून एका बैठकीत उतरवली. आकृत्या सुरेख काढल्या. ब्युरेट कशी धरायची हे मात्र मला माहीत नव्हतं, कारण मी ती कधी हातात घेतली नव्हती.

हे उघडं पडलं इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन होतं. फ्लास्क हलवत थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि रंग बदलला की थांबायचं, इतकंच. मी कॉक पूर्ण उघडला. सगळं द्रावण गेलं आणि रंग बदलून कधीचा गडद झाला. प्रयोगशाळेतले अटेंडंट काका माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, “बारावी सायन्स केलं ना बे तू? का नुसतं पास होऊन राहिला?” बाजूचा मुलगा उमरेडकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतून आणि पुढे साध्या कॉलेजातून आलेला. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत, सीईटीत, तो माझ्या मागे होता. त्याचं टायट्रेशन पहिल्या फटक्यात जुळलं. त्या दिवशी मला कळलं की मला उत्तर माहीत होतं, प्रयोग माहीत नव्हता. व्हर्निअर कॅलिपरच्या बाबतीतही तसंच. लघुतम माप काढायचं सूत्र तोंडपाठ, पण प्रत्यक्ष नळीचा व्यास मोजायला सांगितला की हात थांबायचे.

मी क्लासला दोष देणार नाही. क्लासने जे विकलं तेच दिलं. एमएचटी-सीईटीत अकरावीचा भाग वीस टक्के, बारावीचा ऐंशी टक्के. भौतिक आणि रसायनाचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे, चुकलं तर गुण कापत नाहीत. या परीक्षेचा वेग क्लासने माझ्या हातात बसवला. चार पर्यायांतून एक हुडकायला मी तरबेज झालो. पण कॉलेजात पर्याय दिलेले नसतात. प्राध्यापक फळ्यावर अर्धं गणित सोडवतात आणि ‘उरलेलं पुस्तकातून बघा’ म्हणून निघून जातात. पुस्तकातून बघणं ही एक वेगळी सवय आहे, आणि दोन वर्षं मी एकही पाठ्यपुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. नोट्स होत्या ना! पहिल्या सेमिस्टरला एम-वनचा, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरचा, बॅक लागला. पुढे कोरोनाच्या काळात परीक्षा ऑनलाइन झाली, बहुपर्यायी, आणि माझी जुनी सवय कामी आली. बॅक निघाला. गणित मात्र आलं नाही, ते नंतर नोकरीत लागलं तेव्हा शिकलो.

म्हणून अकरावीत असलेल्यांना मी इतकंच विचारतो की तुमच्या कॉलेजची प्रयोगशाळा कुठल्या मजल्यावर आहे. ज्याला सांगता येत नाही, त्याने क्लास सोडावा असं मी म्हणणार नाही, क्लासची फी भरून झालेली असते. पण निदान प्रॅक्टिकलच्या दिवशी कॉलेजात जावं. आणि प्रत्येक विषयाचा एक धडा, कोणी शिकवायच्या आधी, एकट्याने पाठ्यपुस्तकातून वाचून पाहावा. नाही समजला तरी चालेल. कुठल्या ओळीपासून समजणं बंद झालं, ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

याच्याच पोटातली आणखी एक चूक. बारावीला मराठी सोडून मी आयटी घेतलं. सगळ्यांनीच घेतलं होतं, गुण चांगले पडतात म्हणून. विषय वाईट नव्हता. पण इंग्रजी फक्त पास होण्यापुरतं आणि मराठी बंद, असं झालं. कॉलेजात फी भरायला मुदतवाढ हवी म्हणून प्राचार्यांना अर्ज लिहायची वेळ आली, तेव्हा मला दोन्ही भाषांत चार सरळ वाक्यं लिहिता येईनात. शेवटी कोणाच्या तरी जुन्या अर्जावरून उतरवला, आणि त्यात कारणही त्याचंच राहिलं. माझ्या अर्जात बहिणीचं लग्न होतं. मला बहीण नाही.

दुसरी चूक महागात पडली. आम्ही ओबीसी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि नॉन-क्रिमीलेअरही लागतं. हे कॉलेजच्या सूचनाफलकावर अकरावीपासून लावलेलं असणार. मी कॉलेजात जातच नव्हतो तर वाचणार कधी? बारावीच्या दिवाळीनंतर एकदा अंगठा टेकवायला गेलो, तेव्हा ऑफिसातल्या बाबूंनी हाक मारली, “काहून बे, तुझा व्हॅलिडिटीचा प्रस्ताव कुठं आहे?” मी घरी येऊन बाबांना सांगितलं आणि ‘बाकीच्या’च्या खात्यात टाकून मोकळा झालो.

बाबांनी आपला शाळेचा दाखला दिला, माझा दिला, जातीचा दाखला दिला. पण वैधतेसाठी वडिलांकडच्या नातेवाइकाचा जुना पुरावा लागतो. ओबीसींसाठी तो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा असला तर काम सोपं होतं. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त यांच्यासाठी तारखा वेगळ्या आहेत. बाबांचा जन्म त्यानंतरचा, म्हणजे आजोबांचा कागद हवा. आजोबा शाळेत दुसरीपर्यंत गेले होते म्हणे, कोंढाळीजवळच्या आमच्या गावी. शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची नक्कल. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची नोंद जातीसकट असते, विदर्भातल्या जुन्या घरांचा तो मोठा आधार. पण काटोलला जाऊन अर्ज द्यायचा, नक्कल मिळायची वाट पाहायची, यात दिवस जातात. ट्रान्सपोर्टमध्ये सुट्टी म्हणजे पगार कापला. बाबांनी जमेल तेवढं जोडून फाइल दिली. ती त्रुटी काढून परत आली. परत आल्याचं पत्र कॉलेजात पडून राहिलं, कारण मी तिकडे फिरकलोच नाही.

कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, सुरू झाली तेव्हा माझ्याकडे वैधता प्रमाणपत्र नव्हतं आणि प्रस्ताव दाखल झाल्याची पावतीसुद्धा नव्हती. मी खुल्या प्रवर्गात धरला गेलो. ज्या जागांवर राखीव प्रवर्गातून नंबर लागला असता, त्या माझ्याहून कमी पर्सेंटाइलच्या मुलांना गेल्या. त्यांनी काही माझं हिसकावलं नाही. त्यांचे कागद तयार होते.

बाबा तेव्हा एकदाच बोलले. “बिल्टीवर नाव चुकलं का माल गोदामातच पडून राहते. तुह्या मालाची बिल्टीच नव्हती.” पुढे बराच वेळ ते स्वतःलाच दोष देत राहिले, आणि मी त्यांना देऊ दिला. आज सांगताना याची जास्त लाज वाटते. मी अठरा वर्षांचा होतो. काटोलला एसटीने मीही जाऊ शकत होतो. मोबाइलवर क्रिकेटचे सामने पाहायला मला वेळ होता. आजोबांचं नाव कोतवाल बुकात कसं लिहिलंय हे मी पाहिलं ते नंतर, नोकरीच्या वेळी वैधता काढली तेव्हा. रजिस्टरमधलं आडनाव आणि आमचं आडनाव यांत एका अक्षराचा फरक निघाला. तो फरक समजावून सांगणारं शपथपत्र जोडलं आणि काम झालं. बारावीत असताना केलं असतं तरी तितकंच सोपं होतं.

तर कागदांबद्दल: अकरावीच्या उन्हाळ्यातच घरातल्या पेटीत हात घाला. आईबाबांचे, आजोबांचे, आत्या-काकांचे शाळेचे दाखले, कोणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत, सगळं एका फाइलीत लावा. घरात वडिलांकडच्या कोणाची वैधता आधी झाली असेल तर निम्मं काम झालं समजा. प्रत्येक कागदावर आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात सारखीच लिहिली आहे का, हे अक्षर अक्षर लावून पाहा. डोमिसाईल काढून ठेवा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत प्रवेशानंतरच्या 31 मार्चपर्यंत पुरते का ते बघा. आणि जिथे काही दाखल कराल तिथली पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तिसरी चूक फॉर्मची. ऑनलाइन सेंटरवाला दादा चांगला माणूस होता. “टेन्शन नको घेऊ भाऊ, हजार पोट्ट्यांचे फॉर्म भरले मी,” असं म्हणत त्याने माझा फॉर्म भरला. ई-मेल त्याचा, मोबाइल नंबर त्याचा, पासवर्ड त्यानेच ठेवला. कॉलेजांची यादीही त्याच्याकडे तयार होती, मागच्या वर्षीच्या कटऑफवरून केलेली. मला साधारण जिथे मिळेल असं वाटत होतं ती कॉलेजं वर, आणि जी अवघड वाटली ती त्याने टाकलीच नाहीत. “वर अवघडं टाकले तर खालचे बी हातचे जातीन,” असा त्याचा हिशेब. मीही मान हलवली.

हा हिशेब चुकीचा आहे, आणि अजूनही वाडीत पुष्कळ घरांत तो चालतो, म्हणून नीट सांगतो. कॉम्प्युटर गुणवत्ता यादीतल्या एकेका विद्यार्थ्याचा फॉर्म उघडतो आणि त्याची यादी वरून खाली तपासत येतो. पहिल्या पर्यायात जागा नसेल तर दुसरा, तिथे नसेल तर तिसरा. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजातली तुमची पाळी मागे जात नाही. यादी आपल्याला काय हवंय त्या क्रमाने लावायची असते, काय मिळेल त्या क्रमाने नाही. 2025 पासून इंजिनिअरिंगच्या प्रवेशात हा क्रम आणखी महत्त्वाचा झाला आहे. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तर पुढच्या फेरीची वाट बंद. म्हणजे जिथे जायचंच नाही असं नाव ‘असू दे’ म्हणून वर टाकलं की तेच गळ्यात पडतं. नियम वर्षागणिक बदलतात. सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका मोबाइलवर फुकट मिळते. मोठी असते, कंटाळवाणी असते. तरी वाचा. मी माझ्या वर्षाची वाचली ती प्रवेश झाल्यावर.

त्या यादीत एक नाव नव्हतं, त्याची हळहळ मला अजून आहे. क्लासला जाताना माझी सिटी बस रोज अमरावती रोडने भरतनगरवरून जायची. तिथे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे, आपली एलआयटी. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून 1942 मध्ये सुरू झालेली, केमिकल इंजिनिअरिंग आणि केमिकल टेक्नॉलॉजी शिकवणारी. 2023 मध्ये तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. शाळेत मला सगळ्यात जास्त गुण रसायनशास्त्रात पडायचे. आणि मी दोन वर्षं त्या फाटकासमोरून गेलो, आत काय शिकवतात हे एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं हे विद्यापीठाचं कसलं तरी ऑफिस असेल. माझी ब्रांच ठरली ती शेजारचे काका म्हणाले म्हणून, की इलेक्ट्रॉनिक्सवाला कुठेही चालतो. काकांचा स्वतःचा मुलगा कॉमर्सला होता.

केमिकल घेतलं असतं तर मी फार मोठा झालो असतो असं नाही. कदाचित तेही आवडलं नसतं. पण नावडण्याइतकीसुद्धा माहिती मी घेतली नाही. नागपूरसारख्या शहरात तर हे अक्षम्यच. व्हीएनआयटी आहे, जिचा प्रवेश जेईई मेनवर होतो आणि निम्म्या जागा आपल्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. कृषी महाविद्यालय आहे, विज्ञान संस्था आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिथून डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. यातल्या बऱ्याच ठिकाणी बसने उतरून आत जाता येतं. पोरं झाडाखाली बसलेली असतात. त्यांना विचारायचं, दादा, दिवसभर काय करावं लागतं, फी खरंच किती पडते, कशाचा कंटाळा येतो. जाहिरातीत न छापलेलं सगळं ते दहा मिनिटांत सांगतात. मी लाजलो. मराठी शाळेतला, वाडीचा, कोणी हसेल असं वाटलं. आता त्याच झाडांखाली बसणारी मुलं माझ्याकडे काम शिकायला येतात, तेव्हा कळतं की त्यांनाही आपल्याला कोणी काही विचारावं अशी फार हौस असते.

पैशाची चूक थोडक्यात सांगतो. शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा असतो, हे मला माहीत होतं. दरवर्षी त्याचं नूतनीकरण स्वतः करावं लागतं, हे माहीत नव्हतं. मला वाटलं, एकदा भरला, आता कॉलेज पाहील. एका वर्षाची सवलत गेली आणि ती रक्कम बाबांनी ट्रान्सपोर्टच्या मालकाकडून उचल घेऊन भरली. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे अर्जाआधी पाहून घ्या. मुलींसाठी तर 2024-25 पासून, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस प्रवर्गात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. पण ही माफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या प्रवेशाला आहे. व्यवस्थापन कोट्यातून घाईने सीट ‘पक्की’ करणाऱ्या घरांना हे कोणी सांगत नाही.

आता मी बुटीबोरीला एका कारखान्यात आहे, इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामावर. काम आवडतं. म्हणजे शेवटी सगळं ठीकच झालं की, असं आई म्हणते. झालंही. पण ते ठीक व्हायला जी वर्षं आणि जे पैसे जास्तीचे लागले, ते आमच्यासारख्या घरात कोणाकडे शिल्लक नसतात.

जूनमध्ये मोहल्ल्यातली पोरं फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. “दादा, तुम्हीच भरून द्या ना.” मी बाजूला बसतो, माऊस त्यांच्या हातात देतो. वेळ लागतो. आईबाप अस्वस्थ होतात, दादाला येतं तर दादाच का भरत नाही म्हणतात. कधी पोरगा चुकीचं बटण दाबतो, कधी पासवर्ड विसरतो. एकीने तर मी नको म्हणत असतानाही माझ्या मते साधारण असलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं. का, विचारलं तर म्हणाली, तिथलं मुलींचं वसतिगृह ती स्वतः पाहून आली आहे, आणि आईच्या आजारपणामुळे दर शनिवारी घरी यायला तिथूनच सोपं पडतं. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. कटऑफच्या तक्त्यात तिच्या आईचं आजारपण येत नाही. ते तिला माहीत होतं, मला नाही, आणि फॉर्म तिचा होता.